एका ट्रान्झिस्टरचं डिस्टॉर्शन पेडल, खाऱ्या हवेत टिकणारं

कुडाळ, मालवण, रत्नागिरी किंवा चिपळूणमध्ये इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांची सुरुवात बहुधा सारखीच होते. गिटार मुंबईहून कुणीतरी आणलेली असते आणि ॲम्प्लिफायर म्हणून घरातला कीबोर्डचा स्पीकर नाहीतर भजनी मंडळाचा मिक्सर हाताशी असतो. त्यातून तार छेडली की आवाज स्वच्छ येतो, पण रॉकमध्ये ऐकलेली ती चिरकी, दाट, लांबत जाणारी धार येत नाही. ती धार डिस्टॉर्शनची असते, आणि ती देणारं पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा, एका ट्रान्झिस्टरने, दोन डायोडनी आणि मूठभर रेझिस्टर-कंडेन्सरनी तयार करता येतं.

इथे मी नुसता नकाशा देणार नाही. प्रत्येक भागाचा आकडा कुठून आला हे सांगणार आहे, कारण ते कळलं की हाताशी वेगळा ट्रान्झिस्टर आला तरी अडत नाही. आणि आपल्याकडच्या हवेचा विचार शेवटी जोडायची सूचना म्हणून न करता पहिल्यापासून करायचा आहे. समुद्राकाठी पेडल मरतं ते ट्रान्झिस्टर जळून क्वचितच. ते मरतं जॅकवर चढलेल्या हिरव्या थराने आणि बोर्डावर राहिलेल्या ओल्या फ्लक्सने, म्हणजे सोल्डरमधल्या राळेने.

आधी आवाजाचं काय होतं ते

गिटारचा पिकअप तारेच्या हालचालीतून छोटा विद्युत संकेत तयार करतो. हलक्या हाताने तो व्होल्टच्या दहाव्या भागाइतका असतो, जोरात झंकारलं तर अर्ध्या-एक व्होल्टपर्यंत उसळतो. ट्रान्झिस्टर हा संकेत मोठा करतो. पण बॅटरी ९ व्होल्टची असल्यामुळे तो शून्याच्या खाली आणि नऊच्या वर जाऊ शकत नाही. लाट मोठी झाली की तिचा माथा आणि तळ सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनसंख्येचे सूर नव्याने उमटतात, आणि आवाज दाट वाटतो. माथा आणि तळ सारखेच कापले तर तिप्पट, पाचपट असे विषम सूर वाढतात. एक बाजू जास्त कापली तर दुप्पट, चौपट असे सम सूरही मिसळतात आणि आवाज थोडा गोलसर होतो.

एक गोष्ट वाजवणाऱ्याने आत्ताच ध्यानात ठेवावी. दोन सूर एकत्र कापले गेले की त्यांच्या कंपनसंख्येच्या फरकाइतका तिसरा सूरही ऐकू येतो. सा आणि प यांचं नातं २:३ आहे, म्हणून तो तिसरा सूर नेमका खालच्या सप्तकातला सा येतो. जाडी तार ८२ हर्ट्झवर आणि तिचा पंचम १२३ वर, तर फरक ४१. म्हणून डिस्टॉर्शनमध्ये नुसती सा-प जोडी भरदार वाजते. त्यात गिटारच्या पट्टीतला गंधार मिसळला की फरकाचे सूर नीट जुळत नाहीत आणि सगळं गढूळ होतं. पेडल तयार झाल्यावर पूर्ण कॉर्ड वाजवून «बिघडलंय» असं समजू नका.

ही युक्ती जुनी आहे. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटला. तो फाटका आवाज लोकांना आवडला. तिथले ध्वनिअभियंते ग्लेन स्नॉडी यांनी तो ट्रान्झिस्टरने मुद्दाम काढायचा मार्ग शोधला आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने माइस्ट्रो फझ-टोन बाजारात आणलं. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते आणि ते ३ व्होल्टवर चालायचं. आपण सिलिकॉनचा एकच वापरणार आहोत. जर्मेनियमची गळती, म्हणजे बंद असतानाही झिरपणारा प्रवाह, तापमानासोबत वेगाने वाढते, दर दहा अंशांना साधारण दुप्पट, आणि मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या मंडपाखाली ते सांभाळणं नवख्याचं काम नाही.

सामान

ट्रान्झिस्टर बीसी ५४७. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही दुकानात हा मिळतो. दोन-चार घ्या, दर अगदी कमी असतो. डायोड १एन ४१४८, दोन. रेझिस्टर पाव वॅटचे: २.२ मेगओहम, १ मेगओहम, १० किलोओहम, ४.७ किलोओहम, आणि १०० ओहमचे दोन. कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचे दोन (अंगावर १०४ लिहिलेलं असतं), ३.३ नॅनोफॅरडचा एक (३३२), आणि १०० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक एक. व्हॉल्यूमसाठी १०० किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलता येतो असा), ड्राइव्हसाठी, म्हणजे डिस्टॉर्शन कमी-जास्त करायला, १ किलोओहमचा. पाव इंची जॅक दोन, त्यातला एक स्टिरिओ. दुकानात पी-३८ म्हटलं की कळतं. याशिवाय चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी, तिची कॅप, मल्टिमीटर आणि ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायची भोकांची पाटी; एका रांगेतली भोकं आतून जोडलेली असतात).

रेझिस्टरचे रंग नीट बघा. १ मेगओहम तपकिरी-काळा-हिरवा, १० किलो तपकिरी-काळा-नारिंगी, १०० ओहम तपकिरी-काळा-तपकिरी. तिघांत फक्त तिसरा पट्टा वेगळा, आणि ट्यूबलाइटखाली तपकिरी नि नारिंगी सहज फसवतात. ४.७ किलो पिवळा-जांभळा-लाल, २.२ मेग लाल-लाल-हिरवा. शंका आली की मीटरवर मोजून घ्या.

पायाने दाबायचा स्विच आणि डाय-कास्ट ॲल्युमिनियमचा डबा मात्र छोट्या गावात मिळणं कठीण. कुणी मुंबईहून येणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा, नाहीतर कुरिअरने मागवा. तोवर साधा टॉगल स्विच चालतो. सर्किट ब्रेडबोर्डवर वाजवून बघायला दोन्हींची गरज नाही.

आकडे कुठून आले

हा भाग वगळू नका, पेडल डिझाइन करणं म्हणजे हेच. गुणाकार-भागाकारापलीकडे गणित नाही.

ट्रान्झिस्टरला तीन पाय: कलेक्टर, बेस, एमिटर. बेसमध्ये जाणारा लहानसा प्रवाह कलेक्टरमधल्या मोठ्या प्रवाहाला काबूत ठेवतो. दोघांच्या प्रमाणाला एचएफई म्हणतात. बीसी ५४७ च्या बी प्रतीत ते साधारण २०० ते ४५०, सी प्रतीत त्याहून जास्त. स्वस्त मल्टिमीटरवरही एचएफईचं गोल सॉकेट असतं. तुमच्या ट्रान्झिस्टरचा आकडा त्यावर मोजा आणि कागदावर लिहून ठेवा.

आता ठरवायचं की गिटार वाजत नसताना कलेक्टरवर किती व्होल्ट असावेत. लाटेला वर-खाली सारखी जागा हवी, म्हणून बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सुमारे ४.५ व्होल्ट. कलेक्टरचा प्रवाह १ मिलिअँपिअर धरू. ट्रान्झिस्टरला तेवढा पुरेसा आहे आणि बॅटरीही लवकर बसत नाही. बॅटरी आणि कलेक्टर यांमधल्या रेझिस्टरवर ४.५ व्होल्ट पडायचे आहेत, ४.५ भागिले १ मिलिअँपिअर म्हणजे ४.५ किलोओहम. बाजारात जवळचा मिळतो ४.७ किलो. झाला पहिला रेझिस्टर.

एचएफई ३०० असेल तर बेसला १ मिलिअँपिअरचा तीनशेवा भाग लागेल, म्हणजे ३.३ मायक्रोअँपिअर. हा प्रवाह आपण कलेक्टरकडूनच एका मोठ्या रेझिस्टरमधून बेसला देणार आहोत. कलेक्टरवर ४.५ व्होल्ट, बेसवर जवळपास १.१ (ट्रान्झिस्टरचे स्वतःचे ०.६५ आणि एमिटरच्या रेझिस्टरवरचे थोडे). फरक ३.४ व्होल्ट. भागिले ३.३ मायक्रोअँपिअर, उत्तर १ मेगओहमच्या आसपास. हा दुसरा रेझिस्टर. तुमच्या ट्रान्झिस्टरचा एचएफई ५०० निघाला तर बेसचा प्रवाह २ मायक्रोअँपिअर, आणि त्याच हिशोबाने १.७ मेगओहम येतं, तिथे १.८ किंवा २.२ मेग लावा.

बेसचा प्रवाह कलेक्टरकडून घेण्यात एक शहाणपण आहे. काही कारणाने ट्रान्झिस्टर जास्त प्रवाह ओढू लागला तर कलेक्टरचा व्होल्ट उतरतो, बेसला कमी मिळतं, आणि तो आपोआप सावरतो. उष्मा वाढला, बॅटरी थोडी उतरली, तरी बिंदू फार सरकत नाही.

मोठं किती करायचं हे एमिटर ठरवतो. ढोबळ हिशोब असा: कलेक्टरचा रेझिस्टर भागिले एमिटरच्या वाटेतला एकूण रोध. एमिटरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि १ किलोचा पॉट मालिकेत लावले, तर पॉट पूर्ण भरल्यावर सुमारे ४ पट आणि पूर्ण रिकामा केल्यावर सुमारे ३७ पट (ट्रान्झिस्टरच्या आतलेही २५-३० ओहम यात धरावे लागतात). गिटारचा पाव व्होल्ट ३७ पट केला की नऊ व्होल्टच्या मर्यादेशी गाठ पडतेच, आणि डायोड त्याच्या कितीतरी आधी कापायला लागतात. पॉट फिरवल्याने कलेक्टरचा व्होल्ट अर्ध्या व्होल्टच्या आसपासच हलतो, त्यामुळे ड्राइव्हसाठी ही जागा योग्य. या पॉटमधून सतत डीसी प्रवाह जात असल्याने फिरवताना थोडी खरखर ऐकू येईल, तो दोष नव्हे.

ब्रेडबोर्डवर

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. त्याऐवजी २एन ३९०४ किंवा २एन ५०८८ मिळाला तर क्रम उलटा, डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. नवख्यांची निम्मी गाडी इथेच अडते.

पहिलं काम पुरवठ्याचं. बॅटरीच्या अधिक टोकापासून १०० ओहमचा एक रेझिस्टर ब्रेडबोर्डच्या लाल पट्टीला. लाल पट्टी आणि निळी पट्टी यांत १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्याची उणे खूण निळ्याकडे. बॅटरीचं उणे टोक निळ्या पट्टीला; यापुढे हिलाच ग्राउंड म्हणू. रेझिस्टर-कंडेन्सरची ही जोडी पुढे ॲडॅप्टर वापरलात तर त्याची घरघर गाळेल.

मग ट्रान्झिस्टर. लाल पट्टीपासून ४.७ किलो कलेक्टरला. कलेक्टरपासून १ मेग बेसला. एमिटरपासून दुसरा १०० ओहम, तिथून १ किलोच्या पॉटचा मधला पाय, आणि पॉटचा एक बाजूचा पाय ग्राउंडला. दुसरा बाजूचा पाय मधल्या पायालाच जोडा.

इथे थांबून व्होल्ट मोजायचे, गिटार अजून लावायची नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

इनपुट जॅकच्या टोकापासून (पिनच्या टोकाला भिडणाऱ्या पातीपासून) ०.१ मायक्रोफॅरड बेसला. जॅकच्या टोकापासून ग्राउंडला २.२ मेग, स्विच दाबताना होणारा «टप्» आवाज याने जातो. कलेक्टरपासून दुसरा ०.१ मायक्रोफॅरड निघतो आणि एका मोकळ्या रांगेत जातो. त्या रांगेतून ग्राउंडला दोन डायोड, एकमेकांच्या उलट तोंडाने: एकाचा काळा पट्टा ग्राउंडकडे, दुसऱ्याचा रांगेकडे. सिलिकॉन डायोड ०.६-०.७ व्होल्टला उघडतो, म्हणजे त्याच्यावर जाणारी लाट दोन्ही बाजूंनी तिथे कापली जाते.

त्याच रांगेतून १० किलो पुढच्या मोकळ्या रांगेत, आणि तिथून ३.३ नॅनोफॅरड ग्राउंडला. १० किलो आणि ३.३ नॅनो मिळून साधारण ४,८०० हर्ट्झच्या वरचे सूर उतरवतात. गिटारच्या खास ॲम्प्लिफायरचा स्पीकर हे काम स्वतःच करतो. पण कीबोर्डच्या स्पीकरला किंवा भजनाच्या कॉलमला ट्वीटर असतो, आणि त्यातून गाळणीशिवायचं डिस्टॉर्शन कानाला ओरबाडतं. आपल्याकडे बहुतेकांची सोय तीच असल्याने हा कंडेन्सर मी मूळ सर्किटातच धरला आहे. गिटार ॲम्प असेल तर काढून टाका.

शेवटी व्हॉल्यूम. १० किलोच्या पुढच्या रांगेतून १०० किलोच्या पॉटचा एक बाजूचा पाय, दुसऱ्या बाजूचा ग्राउंडला, मधला पाय आउटपुट जॅकच्या टोकाला. दोन्ही जॅकची बाही (पिनच्या दांड्याला भिडणारा भाग) ग्राउंडला.

मोजणी

बॅटरी लावा, मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी तार ग्राउंडला, लाल कलेक्टरवर. ४ ते ५ व्होल्ट दिसले तर डिझाइन जमलं. ३.५ ते ५.५ पर्यंतही वाजेल, फक्त लाट एका बाजूने आधी कापली जाईल, आणि काहींना तेच आवडतं.

नऊच्या जवळ आकडा म्हणजे ट्रान्झिस्टर चालू झालेलाच नाही: पाय उलटे, १ मेग भलत्या रांगेत, किंवा एमिटरची वाट तुटलेली. एक-दोन व्होल्टच म्हणजे तो गरजेपेक्षा फार जास्त उघडलाय: १ मेगच्या जागी १० किलो लागला असण्याची शक्यता मोठी. सहा-साडेसहा म्हणजे एचएफई कमी आहे किंवा बेसचा रेझिस्टर मोठा; एक पायरी लहान लावा. साडेतीनच्या खाली तर मोठा.

बेसचा व्होल्ट ग्राउंडपासून मोजायला जाऊ नका. स्वस्त छोट्या मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ मेगओहमच असतो, म्हणजे आपल्या बेसच्या रेझिस्टरइतका. तो जोडताच बेसचा प्रवाह वाटला जातो आणि जे मोजायचं तेच बदलतं. बघायचंच असेल तर थेट बेस आणि एमिटर यांच्यामध्ये बघा, ०.६ ते ०.७ आलं पाहिजे.

आता गिटार लावा, दोन्ही पॉट मध्यावर. जोडणी ॲम्प्लिफायरच्या लाइन किंवा ऑक्स इनपुटला करा. माइकच्या इनपुटला लावलं तर तिथला कमी रोध आवाज खाऊन टाकतो, वर मिक्सरची गेनही फार पडते. मिक्सरचा इको आधी बंद ठेवा. डिस्टॉर्शनच्या पुढे इको चालतो, पण सर्किट पारखताना त्याच्या पडद्यामागे दोष लपतात.

कानाने करायचे बदल

ब्रेडबोर्डवरची मजा इथे आहे, तिला वेळ द्या. एका वेळी एकच भाग बदला आणि तोच तुकडा पुन्हा वाजवा, नाहीतर कशाने काय झालं कळत नाही.

दोन्ही डायोड काढून बघा. आता फक्त ट्रान्झिस्टर कापतोय. आवाज खूप मोठा आणि खडबडीत होतो. मग दोन लाल एलईडी उलट-सुलट लावा. ते १.७-१.८ व्होल्टला उघडतात, त्यामुळे आवाज मोठा राहतो आणि बोटाचा जोर जास्त कळतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन १एन ४१४८ मालिकेत लावले की लाट वाकडी कापली जाते आणि सम सूर वाढतात; एकट्या तारेवरच्या सुरावटीला मला हीच जोडणी सगळ्यात पसंत आहे. घरात आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ बंद पडून असेल तर त्यात ओए ७९ सारखा जर्मेनियम डायोड सापडू शकतो. तो ०.३ व्होल्टच्या आसपास हळूहळू उघडतो; आवाज मऊ पण लहान होतो. काढताना पाय चिमट्याने धरा, जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

इनपुटचा ०.१ मायक्रोफॅरड बदलून २२ नॅनो (२२३) किंवा १० नॅनो (१०३) लावला की खालचे सूर कमी होतात आणि जाड तारा स्पष्ट होतात. खालचे सूर कापणं इनपुटलाच करावं, क्लिपिंगच्या आधी. एकदा खालचा सूर कापला जाऊन त्याचे भाईबंद तयार झाले की नंतर ते निवडून काढता येत नाहीत. याउलट तिखटपणा नंतर कापावा. म्हणून पहिला कंडेन्सर खालच्या सुरांसाठी, शेवटचा ३.३ नॅनो वरच्या सुरांसाठी. तो २.२ नॅनो केला तर उजळ, ४.७ केला तर मंद.

गिटारचा व्हॉल्यूमही विसरू नका. ड्राइव्ह पूर्ण ठेवून गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला की लाट कमी कापली जाते आणि आवाज जवळपास स्वच्छ होतो. पायाखालच्या स्विचपेक्षा हा ताबा जास्त बारीक आहे.

बोर्ड, सोल्डर आणि खारी हवा

कानाला जे पटलं त्याचा कागदावर नकाशा काढा, मग झीरो पीसीबीवर (सोल्डर करायच्या भोकांच्या बोर्डावर) चढवा. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि आत राळ असलेली ६०-४० ची सोल्डर तार घ्या. कल्हईवाल्याकडचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामाची ॲसिडची पेस्ट अजिबात वापरू नका. ती भांड्यावर धुतली जाते, बोर्डावर राहते आणि तांबं खाते. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुऊनच खा-प्या. खिडकी उघडी ठेवा.

सांधा चकचकीत आणि पायाभोवती उतरता दिसला पाहिजे. मंद, गोळीसारखा बसलेला म्हणजे ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा.

आता समुद्राकाठचा मुद्दा. आपल्या बेसला मिळतात फक्त ३ मायक्रोअँपिअर, १ मेगओहममधून. बोर्डावर फ्लक्सचा चिकट थर राहिला आणि जुलैमधल्या हवेने तो ओलावला, त्यात मीठ मिसळलं, तर त्या थरातूनही काही मेगओहमचा रोध तयार होतो. म्हणजे न लावलेला एक रेझिस्टर आपोआप सर्किटात येतो. बेस आणि ग्राउंड यांमध्ये आला तर बेसचा प्रवाह चोरतो, कलेक्टरचा व्होल्ट चढतो, सूर खुरटे होऊन मधेच तुटायला लागतात. उन्हाळ्यात छान वाजणारं पेडल गणपतीत कुरकुरतं त्याचं हे एक खरं कारण.

उपाय सोपा आहे. सोल्डरिंग झाल्यावर बोर्डाची खालची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, दोनदा. कोरड्या दिवशी, उन्हात किंवा टेबल लॅम्पखाली पूर्ण वाळवा. कलेक्टरचा व्होल्ट मोजून डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. मग सोल्डरच्या बाजूवर पारदर्शक ॲक्रिलिक लॅकरचा पातळ हात द्या. नाहीच मिळालं तर रंगहीन नेलपॉलिश चालतं. जॅक, पॉट आणि स्विच यांना लॅकरचा थेंबही लागू देऊ नका, आतले संपर्क बंद होतील. पॉटच्या पाठीवरच्या फटी चिकटपट्टीने झाका. पावसाळा लागल्यावर तोच व्होल्ट पुन्हा मोजा. झाकणावरच्या आकड्यापासून अर्ध्या व्होल्टहून जास्त सरकला असेल तर ओल शिरली आहे.

जॅकसाठी थोडे जास्त पैसे द्या. निकेल चढवलेले, जाड पात्याचे घ्या. पातळ पितळी पाती इथे लवकर हिरवी पडतात आणि सैल होतात. पेडल वापरात नसताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या अधूनमधून मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. बॅटरी महिनोन्महिने आत राहू देऊ नका, खारट हवेत तिची टोकं आणि कॅपची बटणं आधी खराब होतात.

डबा

डाय-कास्ट ॲल्युमिनियम सर्वांत चांगला: पायाखाली टिकतो आणि बाहेरची घरघर आत येऊ देत नाही. तो नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात भिंतीत बसवायचा लोखंडी मॉड्युलर बॉक्स मिळतो, तो घ्या आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा कापून लावा. त्याची तयार भोकं जॅकला मोठी पडतात, नवी पाडा: जॅकला १० मिलिमीटर, पॉटला ७, पायाच्या स्विचला १२. कापलेल्या कडांवर झिंक प्रायमर लावा.

सावंतवाडी-कुडाळच्या बाजूला सुतारकाम आणि लाखेचं रंगकाम जाणणारे हात आहेत, तेव्हा लाकडी डब्याचा मोह होणारच. फणसाच्या लाकडाचा डबा देखणा होतो, पण लाकूड विद्युत घरघर अडवत नाही. आतून पूर्ण तांब्याची चिकट फॉइल लावा आणि ती ग्राउंडला सोल्डर करा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल लावली तर तिला सोल्डर धरत नाही. स्क्रू-वॉशरखाली तार दाबावी लागते, आणि खाऱ्या ओलीत तांब्याशी जुळलेलं ॲल्युमिनियम झिजतं. दरवर्षी तो सांधा घासून साफ करावा लागेल.

स्विच डीपीडीटी (एकाच वेळी दोन वाटा बदलणारा) असला की पुरे. सहा पाय, दोन रांगा. दोन मधल्या पायांपैकी एक इनपुट जॅकला, दुसरा आउटपुट जॅकला. एका टोकाचे दोन पाय आपसात जोडा, हा झाला बायपास, म्हणजे सर्किट वगळून जाणारी वाट. दुसऱ्या टोकाचे दोन पाय: इनपुट जॅकच्या बाजूचा सर्किटच्या इनपुटला, आउटपुट जॅकच्या बाजूचा व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला. दिवाही हवा असेल तर नऊ पायांचा थ्री-पीडीटी लागतो.

इनपुटला स्टिरिओ जॅक लावायचं कारण: बॅटरीचं उणे टोक त्याच्या रिंगला (टोक आणि बाही यांमधल्या पातीला) जोडा, थेट ग्राउंडला नको. गिटारची मोनो पिन आत गेली की रिंग आणि बाही जुळतात आणि बॅटरी चालू होते. वाजवून झालं की पिन काढा.

वीज, आणि जिवाची काळजी

बॅटरीवर हे पेडल १ मिलिअँपिअर घेतं, वीज गेली तरी त्याला फरक पडत नाही. ॲडॅप्टर वापरायचा तर ९ व्होल्ट डीसीचा, आणि ध्रुव मीटरने तपासून. बाजारातल्या बहुतेक पेडलांच्या सॉकेटला मधलं टोक उणे असतं, घरातल्या राउटरच्या ॲडॅप्टरला बहुधा अधिक. अधिक टोकाच्या वाटेत १एन ५८१७ डायोड मालिकेत लावा, म्हणजे उलटं लागलं तरी काही जळणार नाही.

पेडलपासून धोका नाही, धोका ॲम्प्लिफायरकडून असतो. गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, ते ग्राउंड केबलमधून ॲम्पच्या बॉडीला जातं. जुन्या घरात अर्थिंग नसेल, किंवा मंडपात जनरेटरवरून ओढलेल्या बोर्डाची तिसरी पिन रिकामी असेल, तर बिघडलेल्या ॲम्पमधून वीज थेट तारांवर येऊ शकते. ओल्या मातीवर अनवाणी उभं राहून माइकला ओठ लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. ॲम्पची अर्थ पिन कधीही काढू नका, घरघर थांबवायलासुद्धा. वाजवण्याआधी गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मीटर एसी व्होल्टवर लावून बघा. काही व्होल्टहून जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर वाजवू नका. मंडळाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

पुढचा टप्पा

हे पेडल पचलं की दुसरा ट्रान्झिस्टर जोडा. अगदी हाच टप्पा, तेच आकडे, फक्त डायोडच्या आधी: पहिल्या कलेक्टरपासून निघालेला ०.१ मायक्रोफॅरड आता दुसऱ्या बेसला जाईल, आणि दुसऱ्याच्या कलेक्टरनंतर तसाच आणखी एक ०.१ मायक्रोफॅरड आणि मग डायोड. दुसऱ्याच्या एमिटरला पॉट नको, ४७० ओहमचा एकच रेझिस्टर ठेवा, सुमारे दहा पट पुरेशी आहेत. दोन टप्प्यांत मिळून आवाज इतका मोठा होतो की पिकअपमधली घरघर आणि ट्रान्झिस्टरची सळसळही वर येते. घरघर कमी करायला दोघांच्या मधला ०.१ मायक्रोफॅरड काढून तिथे १० नॅनोचा लावा. कमी सळसळीसाठी पहिला ट्रान्झिस्टर बीसी ५४९ सी घ्या. पायांचा क्रम तोच, एचएफई जास्त, तेव्हा बेसचा रेझिस्टर वरच्या हिशोबाने पुन्हा काढावा लागेल.